सरकारी सूत

एकदा एक संस्थान होतं, आणि त्याच्या दिवाणाला प्रजेचं खरोखरच भलं करायचं होतं. गोष्ट इथेच अवघड होते. दिवाण दुष्ट असता तर ती दोन पानांत आटोपली असती. दुष्टाला ओळखायला फारसं शहाणपण लागत नाही. पण हा मनुष्य सज्जन होता. पहाटे उठून स्वतः अर्ज वाचायचा, स्वतःच्या पंगतीला दोनच भाज्या वाढू द्यायचा. त्याच्या हातून पुढे जे घडलं, ते सगळं चांगुलपणातूनच घडलं.

त्या संस्थानात सोनवडी नावाचं विणकरांचं गाव होतं. नदीच्या वळणावर तीनशे चाळीस माग दिवसभर खटखटत असायचे. सोनवडीची लुगडी काठांसाठी ओळखली जात. प्रत्येक घराचा आपला काठ असे. एखाद्या घरचा करवती, एखाद्याचा रुईफुली, कुणाच्या आजेसासूनं मनानंच काढलेलं पाखरू. जत्रेत एखादी बाई समोरून आली की सोनवडीचा माणूस तिच्या चेहऱ्याआधी काठ पाहायचा आणि म्हणायचा, "हे लुगडं दिवट्यांच्या मागावरचं."

या दिवट्यांपैकी रामजी दिवटे हा गावातला सर्वांत जाणता कारागीर. सत्तरीला टेकलेला, बोलण्यात जरा तिरसट. गाव त्याला तात्या म्हणे. त्याच्या हाताखाली चाळीसेक माणसं तयार झाली होती. त्यांत त्याचा सर्वांत आवडता शिष्य श्रीपती ढगे. अकरा वर्षं तो तात्याच्या शेजारी बसून शिकला होता. त्याचं अक्षर सुरेख होतं, डोकं साफ होतं, आणि दुसऱ्याचं दुःख पाहिलं की त्याला जेवण जात नसे.

एका वर्षी कपाशीवर रोग पडला आणि सुताचा भाव तिप्पट झाला. दिवाळीपर्यंत निम्मे माग बंद पडले. दिवाणसाहेब स्वतः गावात आले, घराघरांत डोकावले, मोकळ्या मागांवर जमलेली धूळ त्यांनी बोटानं पाहिली. परत जाताना त्यांचे डोळे ओले होते. आठ दिवसांत हुकूम आला. सोनवडीत सरकारी कोठी उघडावी, प्रत्येक मागाला लागेल तेवढं सूत फुकट द्यावं, आणि तयार लुगडं ठरल्या भावानं कोठीनंच घ्यावं. गावानं गूळ वाटला. कोठीचा कारभारी म्हणून श्रीपतीची नेमणूक झाली तेव्हा तर लोकांना आपल्याच घरातला माणूस राजवाड्यात गेल्यासारखं वाटलं.

तात्यानं त्या साली सूत घेतलं. हात जोडून घेतलं आणि अकरा लुगडी विणून दिली.

पुढच्या वर्षी कपाशी चांगली आली. बाजारात सूत स्वस्त झालं. पण तोवर दिवाणसाहेबांना आपल्या कामाचं फळ दिसलं होतं, आणि सत्कृत्याचं फळ दिसलं की ते थांबवणं सज्जन माणसाला फार जड जातं. त्यांनी जाहीर केलं, की कोठी आता कायमची. श्रीपती पहिल्याच दिवशी सुताचा गठ्ठा खांद्यावर घेऊन गुरूच्या दारात गेला.

"नको," तात्या म्हणाला.

"नको म्हणजे? गेल्या साली घेतलं होतंत की."

"गेल्या साली घर जळत होतं. जळत्या घरावर कुणी पाणी टाकलं तर त्याच्या पाया पडावं. यंदा घर जळत नाही."

"पण फुकट आहे, तात्या!"

"ऐकलं मी. बहिरा नाही अजून."

"मग अडचण काय आहे?"

"अडचण दिसायला थोडे दिवस लागतील. तोवर तुझा गठ्ठा तुझ्या खांद्यावर राहू दे."

श्रीपती चिडून परतला. त्याच्या वहीत तीनशे एकोणचाळीस नावं होती आणि एक ओळ कोरी. त्या कोऱ्या ओळीचा त्याला राग येत असे. म्हाताऱ्याला आपला मोठेपणा मिरवायचा आहे, असं त्यानं बायकोजवळ बोलून दाखवलं.

आता पुढचं नीट ऐका, कारण पुढच्या कुठल्याही पायरीवर तुम्ही-मी असतो तरी वेगळं काही केलं नसतं.

पहिल्याच वर्षी असं आढळलं, की काही घरांनी कोठीचं सूत परगावी विकलं. सरकारी द्रव्याचा अपव्यय होऊ नये म्हणून श्रीपतीनं नियम केला, की पंधरा दिवसांतून एकदा तपासनीस घरात येऊन लड्या मोजेल. चोर चार होते, दारं तीनशे एकोणचाळीस उघडली. कुणाची तक्रार नव्हती; ज्यानं चोरी केली नाही त्यानं घाबरायचं कशाला, असंच सगळे म्हणाले.

दुसऱ्या वर्षी कोठीत लुगड्यांचा ढीग साचला. कुणाचं पाखरू, कुणाची वेल, कुणाचा भलताच जांभळा काठ. परगावचे व्यापारी घाऊक माल एकसारखा मागत. सरकारी द्रव्याचा अपव्यय होऊ नये म्हणून श्रीपतीनं खपणारे तीन काठ निवडले आणि हुकूम काढला, की सरकारी सुतावर हे तीनच विणावेत. हा नियम लिहिताना त्याचा हात क्षणभर थांबला होता. पण ढीग खरा होता, आणि त्याचा जाब त्यालाच द्यायचा होता.

तिसऱ्या वर्षी कुणी कामात टाळाटाळ करतं असं दिसलं. मग माग किती वेळ चालवायचा ते ठरलं. चौथ्या वर्षी लोक लुगडं अर्ध्यावर टाकून लग्नाकार्याला आठ-आठ दिवस जातात असं दिसलं. मग गाव सोडायचं तर कोठीची चिठ्ठी घ्यावी, असं ठरलं. विनाचिठ्ठी तीन दिवसांहून अधिक गैरहजर राहिलं तर मागाला लाखेची मोहोर, म्हणजे माग बंद. प्रत्येक हुकुमाच्या डोक्यावर तेच वाक्य असे, आणि श्रीपतीच्या सुरेख अक्षरात ते शोभूनही दिसे.

एवढं सूत आणायला पैसा लागतो, आणि तो आकाशातून पडत नाही. पाचव्या वर्षी खजिन्याला ओढ लागली तेव्हा दिवाणसाहेबांनी गावात येणाऱ्या मालाच्या प्रत्येक गाडीवर पट्टी बसवली. मल्लाप्पा शेटे नावाचा एक व्यापारी तीस वर्षं दर बाजारी सुताची गाडी घेऊन सोनवडीत यायचा. आता त्याला तात्या सोडून गिऱ्हाईक उरलं नव्हतं. पट्टी लागली त्या आठवड्यात तो तात्याच्या ओट्यावर येऊन बसला.

"तात्या, एका माणसासाठी गाडी जुंपून मी इतकी वर्षं आलो. जुनी ओळख म्हणून आलो. पण आता तुम्ही घेता त्या सुताच्या किमतीपेक्षा माझी पट्टी जास्त होते."

"आणि त्या पट्टीचं सरकार काय करतं?" तात्यानं विचारलं.

"गावाला फुकट सूत वाटतं म्हणे."

"म्हणजे तुझ्या पैशानंच तुझं दुकान उठवलं."

मल्लाप्पा हसला नाही. सुपारी तोंडात टाकून उठला, बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि गेला, तो पुन्हा आला नाही. तेव्हापासून तात्या, वय वर्षं पंचाहत्तर, सात कोस चालत परगावच्या बाजाराला जाऊ लागला आणि पाठीवर सूत घेऊन येऊ लागला. लोक त्याच्याकडे पाहून डोक्याजवळ बोट फिरवत.

त्याच वर्षी दिवाणसाहेब गावभेटीला आले. चावडीपुढे सभा भरली. त्यांनी कोठीत नाव नसलेल्या म्हाताऱ्याबद्दल ऐकलं होतं. त्यांनी त्याला आदरानं पुढे बोलावलं.

"आजोबा, तुम्हाला सरकारकडून काहीच नको असं ऐकतो. खरं का?"

"कोण म्हणतं?" तात्या म्हणाला. "नदीवरच्या घाटाच्या पायऱ्या फुटल्यात. रंगलेलं सूत धुवायला बाया उतरतात तेव्हा पाय घसरतात. त्या दुरुस्त करा. कापूसबाजाराच्या वाटेवर ओढा आहे, पावसाळ्यात चार महिने वाट बंद. त्यावर साकव बांधा. एवढं केलंत तर उपकार होतील."

"आणि सूत?"

"सूत नको."

सभेत हशा पिकला. दिवाणसाहेबही हसले, पण गोंधळलेले दिसले. साकव आणि घाट यांची सोय यंदा होणं कठीण आहे, खजिना सुतात गुंतला आहे, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं. श्रीपतीचे कान लाल झाले होते. परतताना त्यानं तात्याला वाटेतच गाठलं.

"मला एकदा समजावून सांगा. सरकारचा पैसा वाईट म्हणता आणि सरकारकडेच घाट मागता, साकव मागता. हे कुठलं तत्त्व? घ्यायचं तर सगळं घ्या, नाहीतर काहीच मागू नका. भर सभेत माझी शोभा कशाला?"

"सरकारचा पैसा वाईट असं मी कधी म्हटलं?"

"मग सूत का घेत नाही?"

तात्यानं कपाळावर हात मारला. "अकरा वर्षं शेजारी बसवून शिकवलं तुला. सगळंच तोंडानं सांगायचं का रे?" एवढं बोलून तो पुढे चालू लागला. श्रीपती त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिला, आणि त्याला प्रथमच वाटलं, की अशा माणसाकडे आपण अकरा वर्षं उगाच काढली.

सातव्या वर्षी, दसऱ्याच्या सुमारास, सगुणा कनोरेची गोष्ट घडली. सगुणा हीही तात्याच्याच हाताखाली शिकलेली, गावातली सर्वांत तलम विणणारी बाई. नवरा सदोबा कांड्या भरायचा, ती विणायची. तिच्या माहेराहून, दोन दिवसांच्या वाटेवरून, निरोप आला, की आई आता फार दिवस काढत नाही. सगुणा चिठ्ठी मागायला कोठीत आली.

श्रीपतीनं वही पाहिली. "तुझं लुगडं अर्ध्यावर आहे, सगुणा. दसऱ्याचा माल चार दिवसांत जायचाय. चार दिवस थांब, लुगडं उतरव, मग पाहिजे तर पंधरा दिवस जा. मी आत्ताच लिहून ठेवतो."

"आई चार दिवस थांबेल असं मला कुणी लिहून देतं का?"

"तुला दिली तर उद्या पंधरा जणी येतील. मी कुणाला नाही म्हणू?"

सगुणा वळली. घरी गेली, लुगड्याच्या दोन घड्या टोपलीत टाकल्या आणि चालू लागली. आई तिच्या मांडीवर गेली. दिवस उरकून ती एकोणिसाव्या दिवशी परतली, तेव्हा तिच्या मागाच्या फणीवर लाखेची मोहोर होती. मोहोर करताना तपासनिसाचं मन होईना, म्हणून श्रीपतीनं ती स्वतः केली होती. आपल्या माणसांना सूट दिली असं कुणी म्हणू नये, एवढाच त्याचा हेतू होता.

ती तशीच, पायांवरची धूळही न झटकता, कोठीत आली. तिथे दहा-बारा माणसं सूत घ्यायला उभी होती.

"श्रीपतीभाऊ, माझा माग तुम्ही दिला होता का?"

"माग नाही. सूत दिलं होतं."

"मग सूत घेऊन जा. माग माझ्या सासऱ्यांनी सागाचं लाकूड आणून केलाय. त्याला हात का लावलात?"

"सूत मागावर चढलेलं आहे, सगुणा. ते काढता येत नाही. नियम तुला माहीत होता. आणि सुतक संपलं, आता दंडाचा अर्ज लिहून दे, मी शिफारस करतो."

"मला तुमचं सूतच नको. माझं नाव काढून टाका."

"काढतो!" श्रीपतीचा आवाज चढला. सात वर्षं तो या लोकांसाठी झिजला होता, आणि त्याबद्दल कुणी कधी चांगला शब्द बोललं नव्हतं. "काढतो नाव. मग विणशील कशावर? दुसरीकडे सूत मिळतं कुठे या गावात?"

बोलून गेल्यावर त्यानं रांगेकडे पाहिलं. रांगेतल्या कुणीही मान वर केली नाही. सगुणाच्या बाजूनं नाही, की त्याच्याही नाही. ज्यांच्याबरोबर तो लहानपणी नदीत पोहला होता ती माणसं जमिनीकडे पाहत उभी होती, आपला नंबर यायची वाट पाहत. श्रीपतीला त्या खाली घातलेल्या माना सगुणाच्या प्रश्नापेक्षा जास्त लागल्या. त्यानं वही मिटली आणि भर दुपारी तात्याच्या घरी गेला.

तात्याला परगावी चालवेनासं झालं होतं. मागावर सूत नव्हतं. तो अंगणात बसून कुणाची तरी बाज सुंभानं विणत होता.

"मी काय पाप केलं ते सांगा," श्रीपती उभ्याउभ्याच म्हणाला. "लाच खाल्ली? कुणाला उपाशी ठेवलं? एक नियम दाखवा, की जो विनाकारण केला."

"बस."

"बसत नाही. सांगा."

"तू एकही नियम विनाकारण केला नाहीस. तीच तर पंचाईत आहे." तात्यानं सुंभ खाली ठेवला. "नालायक माणूस त्या खुर्चीवर असता तर गाव दोन वर्षांत ओरडलं असतं. तू चांगला निघालास."

"कोड्यात बोलू नका, तात्या. आज नको."

"बरं. सरळ सांगतो. सूत ज्याचं, त्याला सुताची काळजी. त्यात वाईट काही नाही, ती असायलाच हवी. लोकांच्या पट्टीतून आलेलं सूत आहे ते. पण काळजी करायची तर बघावं लागतं. बघायचं तर दार उघडं लागतं. दार उघडल्यावर आत माणूस हवा, तो कामाला लागलेला हवा, आणि काम मनासारखं व्हायला हवं. तू एकेक पायरी उतरत सगुणाच्या मागापर्यंत आलास. पहिल्या पायरीवर मी तुला थांबवायला पाहिलं. तेव्हा तुला माझा तोरा दिसला."

"मग घाट? घाट काय आकाशातून पडला? तोही लोकांच्याच पैशाचा."

"घाट माझ्या घरात आला नाही, श्रीपती. मीच घाटावर गेलो. तिथे कुणी निळं धुतलं, कुणी तांबडं धुतलं, कुणी नुसतेच पाण्यात पाय सोडून बसलं. घाटानं कधी विचारलं, की कोणता काठ लावणार आहेस? साकवावरून सगुणा आईकडे गेली असती तर साकवानं चिठ्ठी मागितली असती? सरकारनं खर्च करू नये असं म्हणायला मी काय वेडा आहे? त्यानं खर्च करावा आणि मग बाजूला उभं राहावं. खर्च करून जो घरात येऊन बसतो, तो उठत नाही. आणि आपणही त्याला ऊठ म्हणू शकत नाही, कारण आपण त्याचं खाल्लेलं असतं."

"आणि ज्याच्याजवळ काहीच नाही त्यानं काय करायचं? मरायचं?"

"त्याला द्यावं. हात आखडून देऊ नये, न विचारता द्यावं, थोडं वाया गेलं तर जाऊ द्यावं. आणि त्याचे दिवस पालटले की थांबावं. माझ्याही ओंजळीत घातलं होतंत की तुम्ही. मी विसरलो नाही." तात्यानं सुंभाचं टोक पुन्हा हातात घेतलं, पण विणलं नाही. वैतागून म्हणाला, "आणि सगळा दोष तुझा नाही. प्रत्येक हुकुमाला या गावानं माना डोलावल्यात. एकाला वाटलं नाही, की उद्या हे आपल्यावर येईल. मी सांगायला गेलो की म्हणायचे, तात्या, फुकट मिळतंय तर तुमचं काय जातं? आता यांना काय सांगू, काय जातं ते?"

श्रीपती खाली बसला. त्यानं विचारलं, "आता काय करू?"

"ते मी सांगितलं तर तुझ्यात आणि त्या रांगेत फरक काय?"

श्रीपतीनं दुसऱ्याच दिवशी राजधानीची वाट धरली. दिवाणसाहेबांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, आणि आयुष्यात क्वचितच चढणारा त्यांचा आवाज चढला.

"मी देतो, आणि लोकांची तक्रारच! काय करावं माणसानं?"

"लोक तक्रार करत नाहीत, साहेब," श्रीपती म्हणाला. "एक बाई सोडली तर आता कुणीच करत नाही. तेच सांगायला आलोय."

दिवाणसाहेबांचा आवाज खाली आला. मग म्हणाले, "अटी काढल्या तर चोरी होईल. हा पैसा माझा नाही, श्रीपती, प्रजेचा आहे. मी तो उधळू कसा?"

"तुमचं बरोबर आहे. दरवर्षी द्यायचं तर अटी लागणारच. म्हणून दरवर्षी देऊ नये. कोठीत सूत साठवून ठेवू. कपाशी बुडाली की त्या सालापुरतं वाटू, काही न विचारता. एरवी तो पैसा घाटाला द्या, साकवाला द्या, आणि गाडीपट्टी उठवा."

"लोक मला शिव्या देतील."

"मलाही देतील."

तसंच झालं. पाडव्याला कोठीचं वाटप बंद होणार अशी दवंडी पिटली, तेव्हा श्रीपतीच्या दारापुढे शंभर माणसं जमली. त्याच्या सख्ख्या मेहुण्यानं त्याच्याकडे येणं सोडलं. तो सगुणाच्या मागाची मोहोर फोडायला गेला, तर तीही फणकारली, "माझा माग सोडवा म्हटलं होतं. गावाचं सूत बंद करायला कुणी सांगितलं तुम्हाला?" श्रीपतीला रडावं की हसावं ते कळेना. लाखेचे तुकडे वेचून तो निमूट बाहेर पडला. त्या वर्षी अकरा घरांनी माग मोडून टाकले आणि दुसरा धंदा धरला. ही किंमत खरी होती, ती मी लपवत नाही. तात्यानंही लपवली नाही. त्या अकरा घरी तो काठी टेकत स्वतः गेला, आणि काही न बोलता बसून आला.

पट्टी उठल्यावर मल्लाप्पा शेटेचा मुलगा गाडी घेऊन आला. लोकांनी कुरकुरत सूत घेतलं, पहिल्यांदा थोडं, मग बेतानं. माग हळूहळू बोलू लागले.

एके सकाळी मुरारी भंडारे श्रीपतीकडे आला. हा चोवीस वर्षांचा, हाताला चलाख, पण विणायला बसला तो कोठी सुरू झाल्यानंतरच. श्रीपतीला वाटलं, हाही भांडायला आला. पण मुरारी अदबीनं उभा राहिला.

"दादा, ताणा लावून तयार आहे. यंदा कोणता काठ काढू?"

"मला काय विचारतोस? आता मी कारभारी नाही. तुला हवा तो काढ."

"हवा तो म्हणजे कोणता?"

"अरे, तुला आवडेल तो!" श्रीपती ओरडलाच. "माग तुझा, सूत तुझं, विकायचं तूच. दुसऱ्याला कशाला विचारायला हवं?"

मुरारी ओशाळला. तो उद्धटपणा करत नव्हता, की आळसही करत नव्हता. त्याला खरोखरच माहीत नव्हतं. त्याच्या त्या चेहऱ्याकडे पाहताना श्रीपतीचा राग एकदम ओसरला. सात वर्षांत काय खर्च झालं ते तात्यानं त्याला शब्दांत सांगितलं होतं. ते आज त्याच्यासमोर हात जोडून उभं होतं.

"चल," तो म्हणाला आणि मुरारीच्या घरी गेला.

मुरारी मागावर बसला. उजव्या हाताला टोपलीत रंगीत कांड्या होत्या. त्यानं एक पिवळी उचलली आणि श्रीपतीच्या तोंडाकडे पाहिलं. ती ठेवली, तांबडी उचलली, पुन्हा पाहिलं. श्रीपतीच्या ओठांवर उत्तर आलं होतं. त्याला चांगलं ठाऊक होतं, की या पोताला कुठला रंग खुलेल, बाजारात काय खपेल, पोराची मेहनत कशानं वाया जाणार नाही.

तो काही बोलला नाही. वळून दाराकडे तोंड करून बसला. बाहेर ऊन अंगणभर पसरलं होतं. पाठीमागे बराच वेळ कांड्या चाळवल्याचा आवाज येत राहिला. मग तो थांबला. आणखी थोडा वेळ गेला. मग धोटा एकदा सरकला, अडखळला, पुन्हा सरकला, आणि माग चालू झाला.

कोणता रंग आहे ते पाहायला श्रीपती वळला नाही.